प्रीमिअर पद्मिनी एवढी लाडकी होती, मग कंपनी का बुडाली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं नंबर लावून पद्मिनी घेतली. घरातली लग्नं, बारशी, देवदर्शनं सगळी त्या गाडीतून झाली. प्रीमिअर कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेल्याचं तुम्हाला उशिरा कळलं आणि वाईट वाटलं. लोकांचा एवढा जीव असलेला ब्रँड बुडतो कसा, त्याला युनियनने बुडवलं, मारुतीने की मालकांनी, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जरा दबकत आणखी एक विचारलंय: तुम्ही सध्या एका जुन्या, नावाजलेल्या ब्रँडची नवी गाडी घ्यायच्या विचारात आहात, कंपनीबद्दल उलटसुलट ऐकू येतंय, तर घ्यावी का?

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यातला माणूस. आधी गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात होतो, नंतर भोसरीत पुरवठादाराच्या बाजूला आलो. कारखान्याच्या गेटच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हा धंदा पाहिलाय. शेअरबाजारातला माणूस याच प्रश्नाचं उत्तर वेगळं देईल, युनियनमध्ये आयुष्य घालवलेला आणखी वेगळं देईल. मी देतोय ते गेटवरून दिसलेलं आहे.

तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. लोकांचं गाडीवर प्रेम आहे म्हणजे कंपनी टिकेल, असं आपण मनात धरून चालतो. प्रीमिअरच्या बाबतीत ते का खरं ठरलं नाही हे नीट समजलं, तर तुमच्या नव्या गाडीचाही निर्णय सोपा होईल.

ही कंपनी उभी राहिली तीच मोठ्या जिद्दीने. सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही गोष्टी या देशात बनल्या पाहिजेत असं म्हणणारा माणूस. मोटार कारखान्यासाठी त्यांनी इंग्रज सरकारचे उंबरे झिजवले, सरकारने दाद दिली नाही. तरी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार झाला. आधी छोटी फियाट ५०० आली, मग ११००. त्याच काळात सरकारने धोरण घेतलं की जो इथे खरोखर उत्पादन करेल त्यानेच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी निघावं. शिवडीत १९२८ पासून असलेली जनरल मोटर्स १९५४ साली निघून गेली. मैदानात गाड्या बनवणारे दोन-तीनच उरले.

१९६४ ची फियाट ११०० डिलाइट त्या काळाच्या मानाने फार नेटकी गाडी होती. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे सलग बाकासारखं सीट. घरची सहा माणसं दाटीवाटीने बसवून ती घाट चढायची. इंजिन एवढं साधं की कुठल्याही तालुक्याच्या गावी ते उघडून पुन्हा बसवणारा मिस्त्री मिळायचा. फियाटशी करार संपल्यावर सत्तरीच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. लोकांनी मात्र तिला कायम फियाटच म्हटलं. हे प्रेम खरं होतं, त्याबद्दल मला शंका नाही.

पण त्या प्रेमात एक दुसरी गोष्ट मिसळलेली होती, ती म्हणजे रांग. १९८० च्या सुमारास सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारसुद्धा मोटारगाड्या बनत नव्हत्या. किती बनवायच्या ते परवान्यावर लिहिलेलं असायचं. १९६९ पासून काही वर्षं तर गाडीची विक्री-किंमतही सरकार ठरवत होतं, आणि त्या किमतीचा वाद प्रीमिअरने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. तुमचे वडील रांगेत उभे राहिले तेव्हा त्यांच्यापुढे पर्याय दोनच: फियाट किंवा अँबेसेडर. रांगेतल्या माणसाला ती गाडी किती आवडते हे कंपनीला कधी मोजावंच लागलं नाही. रांग लांब होती एवढंच दिसत होतं, आणि कंपनीच्या कारभाऱ्यांना ते पुरेसं वाटलं.

आता मी ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त महत्त्व देतो तिच्याकडे येतो. गाडीच्या दरवाजाचा, बॉनेटचा, छताचा पत्रा ज्या पोलादी साच्यात दाबून आकाराला येतो त्याला डाय म्हणतात. एका मॉडेलच्या डायांचा संच हा गाडीच्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक. पहिली काही वर्षं प्रत्येक गाडीच्या किमतीत या डायांचा वाटा धरलेला असतो. तो एकदा वसूल झाला की हिशेबाच्या वहीत डायची किंमत शून्याकडे जाते आणि तीच गाडी अचानक फायद्याची दिसू लागते. नवं मॉडेल आणायचं म्हणजे तो सगळा खर्च पुन्हा अंगावर घ्यायचा. जुनंच चालू ठेवलं तर दरवर्षी ताळेबंद छान. मोह इथे असतो, आणि तो फार सभ्य मोह आहे. यात कुणी चोरी करत नाही, फक्त निर्णय पुढे ढकलतो.

वहीत डायची किंमत शून्य झाली तरी डाय झिजायची थांबत नाही. कडा गोल होतात, पत्र्याला कोपऱ्यात सुरकुती पडते, टूल रूममधला माणूस तिथे वेल्डिंगचा थर देतो, घासतो, पुन्हा प्रेसवर चढवतो. काही महिन्यांनी तेच. मी नोकरीत असताना एका कारखान्याच्या लाइनवर (नाव महत्त्वाचं नाही) दरवाजे बसवणाऱ्या कामगाराचं काम जवळून पाहिलंय. त्याच्या एका हातात लाकडी हातोडा असायचा. दरवाजा लावला की तो दुसऱ्या हाताचं बोट फटीतून फिरवायचा. वर बोट सहज जायचं, खाली नखही शिरायचं नाही. मग बिजागरीत वॉशर घालायचा, खांद्याने दरवाजा उचलून धरायचा, हातोड्याचे दोन-तीन ठोके मारायचा आणि पुन्हा बोट फिरवायचा. प्रत्येक दरवाजा असा. त्याचं कसब पाहून मान डोलवावीशी वाटायची, पण खरेदी खात्यातला माणूस म्हणून माझ्या पोटात गोळा यायचा. कारण अशा कारखान्यातून निघालेली एकही गाडी दुसरीसारखी नसते. साच्याने करायचं काम माणूस करतोय, आणि त्याची मजुरी व वेळ कुठल्याच हिशेबात नीट दिसत नाही.

इटलीत फियाटने ११०० ची मालिका १९६९ साली थांबवली आणि पुढच्या चाकांवर चालणारी फियाट १२८ आणली. कुर्ल्यात त्याच घराण्याची गाडी २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली. म्हणजे मूळ कंपनीने सोडल्यावरही तीस-एक वर्षं. मधल्या काळात काहीच झालं नाही असं नाही. १९८५ साली ११८ एनई आली: निसानचं ११७१ सीसीचं इंजिन, चांगला गिअरबॉक्स. चालवणाऱ्यांनी तिचं कौतुक केलं. पण तिचा सांगाडा फियाट १२४ चा, आणि ती युरोपात १९६६ साली आलेली होती. पद्मिनीला डिझेल इंजिन मिळालं, खाली गिअर असलेली एस-वन निघाली. या सगळ्या डागडुज्या होत्या. साचा तोच राहिला.

यात दोष किती आणि परिस्थिती किती, हे काळावर अवलंबून आहे. १९८० च्या आधीच्या निर्णयांसाठी मी प्रीमिअरला फारसा दोष देत नाही. किंमत सरकारच्या हातात, उत्पादनाचा आकडा परवान्यात, परकीय चलन मिळवायला दिल्लीच्या चकरा. अशा वेळी नव्या डायांवर पैसा लावणं मलाही जमलं नसतं. पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि त्यानंतरची सात-आठ वर्षं माझ्या मते निर्णायक होती. पद्मिनीला अजून मागणी होती, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी जवळजवळ पूर्ण तिच्यावर चालत होती, म्हणजे पैसा येत होता. तो पैसा नव्या गाडीत जायला हवा होता. त्या वर्षांत जे झालं नाही ते पुढे कुठल्याच भागीदाराला भरून काढता आलं नाही.

मारुतीबद्दल लोक म्हणतात की स्वस्त आणि जपानी होती म्हणून जिंकली. मला गेटवरून जे दिसलं ते वेगळं. मारुतीने सुट्या भागांचे पुरवठादार नव्याने उभे केले, काहींमध्ये स्वतःचं भांडवल घातलं, त्यांना जपानी कंपन्यांशी जोडून दिलं, आणि माल ठरल्या वेळी व ठरल्या मापाचा आलाच पाहिजे अशी शिस्त लावली. आपल्याकडचे जुने पुरवठादार ‘चालवून घ्या साहेब’ या सवयीत वाढलेले. रबरी बुश अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असला तरी कुर्ल्यात किंवा अँबेसेडरच्या उत्तरपाड्यातल्या कारखान्यात तो हाताने बसवला जायचा. मारुतीच्या गुरगावातून तो परत यायचा. ज्यांनी ही शिस्त अंगी बाणवली ते आज चाकणला मोठे कारखानदार आहेत.

युनियनचा मुद्दा टाळणार नाही, कारण अशा चर्चेत सगळ्यात जास्त बोट तिकडेच दाखवलं जातं. कुर्ल्याच्या कारखान्यात तंटे झाले, संप झाले, डॉ. दत्ता सामंतांचं नाव या कारखान्याच्या इतिहासाशी जोडलेलं आहे. नव्वदच्या दशकातल्या संपांनी गाड्यांची डिलिव्हरी रखडली हेही खरं. पण संपाने कंपनी मरते हे मला पटत नाही. पुण्यात टेल्कोचा (आताच्या टाटा मोटर्सचा) १९८८-८९ चा संघर्ष आठवा: कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते, सगळं शहर ढवळून निघालं होतं. टेल्को त्यातून बाहेर आली आणि १९९८ साली त्याच पिंपरीच्या कारखान्याची इंडिका लोकांसमोर आली. ज्या कंपनीकडे पुढची गाडी तयार आहे ती संप सोसते. जिच्याकडे नाही तिला संप मारतो. आणि त्या कामगारांबद्दल माझं मत असं की वाईट साच्यातून आलेला दरवाजा दिवसभर खांद्यावर तोलून बसवणाऱ्या माणसाने जास्त पगार मागितला तर त्यात गैर काही नव्हतं.

मग आली नव्वदच्या दशकातली घाई. परवाना-राज गेलं, परदेशी कंपन्या भागीदार शोधत आल्या. प्रीमिअरने १९९४ च्या सुमारास फ्रान्सच्या प्यूजोशी हात मिळवला आणि कल्याण-डोंबिवलीकडच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ काढली. लगेचच फियाटबरोबर युनोसाठी दुसरी भागीदारी. दोन प्रतिस्पर्धी परदेशी कंपन्या, एकच थकलेला भारतीय भागीदार, तेच व्यवस्थापन, तेच पुरवठादार. कुठल्याही खरेदी अधिकाऱ्याला विचारा, एका नव्या मॉडेलचे हजारेक भाग विकसित करताना माणूस मेटाकुटीला येतो. इथे दोन मॉडेलं, दोन देशांची ड्रॉइंग्ज, दोन मापांच्या पद्धती. प्यूजो १९९७ मध्ये निघून गेली. युनोचं बुकिंग लाखांच्या संख्येत झालं, वेळेवर मिळालेल्या गाड्या त्या मानाने मूठभर. पुढे फियाटने आपला ताबा वाढवत नेला आणि अखेर टाटांच्या जोडीने रांजणगावला बिऱ्हाड हलवलं. कुर्ल्याच्या त्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी उभी आहे.

बुकिंगच्या पैशाबद्दल इथेच सांगतो, कारण पुढे तुमच्याशी त्याचा संबंध येणार आहे. बुकिंगची रक्कम कंपनीच्या वहीत देणं म्हणून लिहिलेली असते, पण बँकेच्या खात्यात ती रोकड म्हणून पडते. बँकेच्या कर्जाला व्याज आणि तारण लागतं, या पैशाला फारसं काहीच लागत नाही. अडचणीतल्या कंपनीला तो पैसा आपलाच वाटायला लागतो. रांग लांब असण्याचा हा दुसरा धोका.

आता गेटवर काय दिसतं ते. कंपनी खचायला लागली की गिऱ्हाईकाला सगळ्यात शेवटी कळतं. शोरूममध्ये दिवे तेच असतात, उलट सवलती वाढतात. पुरवठादाराला वर्ष-दीड वर्ष आधी कळतं. महिन्याचं शेड्यूल आठवड्याचं होतं. हजार नगांची ऑर्डर असते आणि ट्रक गेटवर गेल्यावर स्टोअरचा माणूस म्हणतो, आज दोनशेच उतरवा. ड्रायव्हर मालाचं चलान हातात धरून दुपारपर्यंत उभा. बिलाची मुदत साठ दिवसांची नव्वद होते, नव्वदची एकशेवीस. मग अचानक रिजेक्शन वाढतं. वर्षानुवर्षं पास होणारा माल परत यायला लागतो. मालात खोट नसते, बिल लांबवायचं असतं. खरेदी खात्यातली चांगली, अनुभवी माणसं एकेक करून दुसरीकडे जातात. शेवटी पुरवठादार म्हणतो, आधी पैसे भरा, मग माल. ज्या दिवशी चार महत्त्वाचे पुरवठादार एकदम असं म्हणतात, त्या दिवशी लाइन थांबते. हे मी ज्या कंपन्यांच्या बाबतीत अनुभवलं त्यांची नावं घेणार नाही, पण क्रम प्रत्येक वेळी जवळजवळ हाच होता.

याचं जगजाहीर उदाहरण स्वीडनच्या साबचं. विमानं बनवणाऱ्या कंपनीतून जन्मलेला ब्रँड, किल्ली दोन सीटांच्या मध्ये फिरवायची पद्धत, टर्बो इंजिनं, आणि त्यावर जीव टाकणारे गाडीमालक. प्रेमाच्या बाबतीत पद्मिनीइतकाच श्रीमंत. जनरल मोटर्सने १९९० च्या सुमारास त्यात निम्मा हिस्सा घेतला, पुढे सगळा, आणि २०१० मध्ये तो स्पायकर या छोट्या डच कंपनीला विकला. २०११ च्या एप्रिलमध्ये साबच्या ट्रॉलहेटनच्या कारखान्यातली लाइन थांबली, कारण पैसे न मिळालेल्या पुरवठादारांनी माल देणं बंद केलं. त्याच वर्षी १९ डिसेंबरला कंपनी दिवाळखोर ठरली. गाडीमालकांचं प्रेम शेवटच्या दिवसापर्यंत तसूभर कमी झालं नव्हतं.

प्रीमिअरचं पुढचं आयुष्य फारसं कुणाला माहीत नसतं. कंपनी चिंचवडला सीएनसी मशिन टूल्स (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी यंत्रं) बनवत राहिली, आणि ती मशिनं चांगली होती. २००९ च्या अखेरीला त्यांनी रिओ नावाची छोटी एसयूव्ही काढली, चिनी कंपनीच्या गाडीवर बेतलेली, चार मीटरच्या आत बसणारी. तिच्याबद्दल मला हळहळ वाटते. त्याच मापाच्या गाड्यांवर पुढे फोर्डने २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आणि मारुतीने २०१६ मध्ये ब्रेझा आणून बाजार हलवला. कल्पना बरोबर होती, पण डायांसाठी, विक्रेत्यांच्या जाळ्यासाठी, जाहिरातीसाठी लागणारा पैसा नव्हता. विनोद दोशींसारखा मराठी प्रायोगिक नाटकांच्या पाठीशी उभा राहिलेला, रसिक उद्योगपती ज्या कंपनीच्या प्रमुखपदी होता, ती कंपनी २०२१ च्या सुरुवातीला एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठापुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली.

तेव्हा युनियन, मारुती की मालक, याला माझं उत्तर असं: सर्वात मोठा वाटा त्या १९८३ ते १९९१ च्या काळात न झालेल्या गुंतवणुकीचा, म्हणजे व्यवस्थापनाचा. त्याखालोखाल दोन परदेशी भागीदारांच्या गोंधळाचा. परवाना-राजने सवयी बिघडवल्या, मारुतीने त्या उघड्या पाडल्या. युनियन माझ्या यादीत शेवटी येते.

आता तुमची गाडी.

पहिली गोष्ट, परत जाणारी कंपनी आणि बुडणारी कंपनी यांत फरक करा. शेवरले २०१७ च्या अखेरीला भारतातल्या विक्रीतून बाहेर पडली, फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरात इथलं उत्पादन बंद करायची घोषणा केली. गिऱ्हाईकांना धक्का बसला, जुन्या गाडीची किंमत पडली, पण मागे धडधाकट मूळ कंपनी असल्याने सुटे भाग आणि सर्व्हिस चालू राहिली. बुडणाऱ्या कंपनीमागे असं कुणी नसतं.

दुसरी गोष्ट, कंपनी गेल्यावरही गाडी जगते की नाही हे सुट्या भागांवर ठरतं. साबच्या बाबतीत सुट्या भागांची कंपनी वेगळी होती, ती स्वीडिश सरकारच्या ताब्यात आली आणि चालू राहिली, म्हणून आजही साबवाल्यांना भाग मिळतात. पद्मिनीला काळ्या-पिवळ्या टॅक्सीने जगवलं. रस्त्यावर हजारो टॅक्सी रोज धावत होत्या, म्हणून क्लच प्लेट, ब्रेक शू, वॉटर पंप, सायलेन्सर बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांना धंदा होता, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळायचं. ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता उरलेल्या हौशी मालकांना भाग शोधावे लागतात, काही जण खराद्याकडून घडवून घेतात. वडिलांची गाडी अजून घरी असेल तर मिळतील ते पुढच्या चाकांचे किंगपिन, पुढच्या काचेचं रबर आणि कार्बोरेटरचे किट आत्ताच घेऊन ठेवा.

म्हणून नव्या गाडीसाठी शोरूमला जाण्याआधी त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला जा. तिथल्या स्पेअरच्या खिडकीवर पुढचा बंपर, हेडलाइट, पुढची काच, क्लच असेंब्ली आणि एखादा इलेक्ट्रॉनिक मोड्यूल, यांना किती दिवस लागतात ते विचारा. दोन-चार दिवस सांगितले तर बरं. ‘वरून येईल, सांगता येत नाही’ असं उत्तर एकापेक्षा जास्त भागांना मिळालं तर सावध व्हा. आवारात किती गाड्या नुसत्या भागाची वाट बघत धूळ खात उभ्या आहेत तेही पाहा. अपघात झाला तर विमा कंपनी पैसे देईल, पण बंपरच आला नाही तर गाडी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये राहील.

गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स दुसऱ्या एखाद्या खपणाऱ्या गाडीशी समान आहे का, हेही शोधा. समान असेल तर यांत्रिक भागांची अर्धी चिंता मिटली. पत्रा, काचा आणि दिवे मात्र त्या मॉडेलचेच लागतात, तिथेच अडतं.

सवलतीकडे बघून भुलू नका. दिवाळीची सवलत वेगळी आणि वर्षभर चालणारी, दर महिन्याला वाढणारी सवलत वेगळी. दुसरी असेल तर कारखान्यात माल पडून आहे किंवा रोकड तातडीने हवी आहे. शहरातले विक्रेते एकेक करून डीलरशिप सोडत असतील तर ती खूण मी सवलतीपेक्षाही गंभीर धरतो, कारण डीलर हा पुरवठादारासारखाच आतल्या गोटातला असतो.

आणि पैसे. बुकिंगला कमीत कमी रक्कम द्या, परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या. कर्ज घेणार असाल तर चासी नंबर असलेलं इन्व्हॉइस हातात आल्याशिवाय बँकेला रक्कम सोडू देऊ नका. कारण दिवाळखोरी कायद्यात कंपनी अवसायनात गेल्यावर, म्हणजे तिची मालमत्ता विकून ती गुंडाळायची वेळ आल्यावर, पैसे वाटायचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग चोवीस महिन्यांपर्यंतचे कामगारांचे थकलेले पगार आणि तारण असलेली बँक, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, आणि त्यानंतर उरलेल्यांची पाळी. फ्लॅट बुक केलेल्यांना २०१८ च्या दुरुस्तीने बँकांच्या पंक्तीला बसवलं, गाडी बुक केलेल्यांना तसं संरक्षण मिळालेलं नाही. एक्सटेंडेड वॉरंटी देऊ करत असतील तर ती कंपनीच्या नावाने आहे की विमा कंपनीच्या, ते वाचा. कंपनीच बुडाली तर तिच्या नावाची वॉरंटी तिच्याबरोबर जाते.

घ्यावी की नाही हे शेवटी तुम्ही ती किती वर्षं ठेवणार यावर येतं. चार-पाच वर्षांत विकायची असेल तर मी सांगेन, नका घेऊ. ब्रँड डगमगला की जुन्या गाडीची किंमत सगळ्यात आधी पडते. दहा-बारा वर्षं वापरायची असेल, इंजिन दुसऱ्या खपणाऱ्या गाडीचं असेल, आणि तुमच्या शहरात त्या गाडीवर हात बसलेला स्वतंत्र मिस्त्री असेल, तर सवलतीत मिळणारी चांगली गाडी घेण्यात चूक नाही. तुम्ही ब्रँडचं आणि मॉडेलचं नाव लिहिलेलं नाही. ते आणि तुमचं गाव कळवलंत, तर तिचे कोणते भाग कुठल्या गाडीचे चालतात आणि कोणते आत्ताच अडायला लागलेत, ते मी बघून सांगतो.